चौक गोल, नियम सरळ

सांगली, मिरज, सातारा, कराड, विटा, कुठेही जा. चौकाच्या मधोमध गोल कठडा आणि त्यात पुतळा, कारंजे किंवा थोडी हिरवळ असे दृश्य एखाद्या ठिकाणी तरी दिसतेच. लोक त्याला सर्कल म्हणतात, कागदोपत्री ते वाहतूक बेट असते. हा गोल शोभेसाठी असतो, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात तो वाहनांचा वेग मोडण्यासाठी आणि त्यांना एकमेकांवर काटकोनात आदळू न देण्यासाठी असतो. म्हणजे हेल्मेट किंवा सीटबेल्टसारखेच तेही जीव वाचवण्याचे साधन आहे. फरक एवढाच, की हेल्मेट एकट्याने घातले तरी उपयोगी पडते. गोल चौक मात्र सगळ्यांनी एकच नियम पाळला तरच उपयोगी पडतो.

तो नियम आपल्याकडे फारसा कोणी शिकवत नाही. वाहन चालवण्याचा परवाना काढताना आठ आकडा काढून दाखवावा लागतो, पण दोन लेनच्या गोल चौकात कोणत्या लेनमधून शिरायचे, कोणाला आधी जाऊ द्यायचे आणि बाहेर पडताना कोणता इंडिकेटर लावायचा, हे बहुतेक जण पुढच्याचे पाहूनच शिकतात. पुढचाही असेच शिकलेला असतो.

काटकोन गेला, मोठा धोका गेला

चार रस्ते मिळणाऱ्या साध्या चौकात वाहनांच्या वाटा एकमेकींना ३२ ठिकाणी भेटतात. काही ठिकाणी त्या मिळतात, काही ठिकाणी फुटतात आणि काही ठिकाणी सरळ एकमेकींना छेदतात. एका लेनच्या गोल चौकात अशा जागा फक्त ८ उरतात. त्यातल्या चार ठिकाणी वाहने मिळतात, चार ठिकाणी वेगळी होतात. एकमेकींना आडवे छेदणारी वाट एकही उरत नाही.

वैद्यकीय दृष्टीने हा बदल फार मोठा आहे. समोरासमोरच्या धडकेत गाडीचे बॉनेट आणि इंजिन काही धक्का स्वतःवर घेतात. बाजूने धडक बसली तर प्रवासी आणि धडकणारे वाहन यांच्यामध्ये दरवाजाचा पत्रा तेवढा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, एका कारने दुसऱ्या कारला ताशी ६५ किलोमीटर वेगाने बाजूने धडक दिली, तर आतील व्यक्तीच्या मृत्यूचा धोका ८५ टक्के असतो. दुचाकीस्वाराला तर दरवाजाही नसतो.

दुसरा फरक वेगाचा. धावत्या वाहनातली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० चा वेग ३० वर आला, तर ऊर्जा निम्मी होत नाही, चौथाई होते. पायी चालणाऱ्याला कारची धडक बसली तर मृत्यूचा धोका ५० पासून ६५ किलोमीटर वेगापर्यंत जाताना साडेचार पटीने वाढतो, असेही जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोल चौक प्रत्येक वाहनाला वळण घ्यायला लावतो, त्यामुळे कोणी कितीही घाईत असला तरी त्याला वेग कमी करावाच लागतो. सिग्नल हिरवा असताना सुसाट जाता येते, बेटाभोवती तसे जाता येत नाही.

अमेरिकेत २४ साध्या चौकांचे गोल चौकांत रूपांतर केल्यानंतर काय झाले, याचा अभ्यास इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने २००० मध्ये प्रसिद्ध केला. एकूण अपघात सुमारे ३९ टक्क्यांनी घटले आणि माणसे जखमी होण्याचे अपघात सुमारे ७६ टक्क्यांनी घटले. अपघात थोडे कमी झाले, पण इजा त्याहून खूप जास्त कमी झाल्या. गोल चौकात गाड्या घासतात, इंडिकेटर फुटतो, बंपर वाकतो. माणसे मात्र वाचतात.

लेन वाढल्या की हा फायदा काहीसा कमी होतो. एका लेनमध्ये चूक करायला जागाच नसते. दोन किंवा तीन लेन आल्या की शेजारी दुसरे वाहन येते, आणि तेही वळत असते. म्हणून मोठ्या गोल चौकात चालकाकडून जास्त शिस्त अपेक्षित असते.

आधी उतरू द्या, मग चढा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कचे कोलंबस सर्कल आणि पॅरिसच्या विजयकमानीभोवतीचा चौक येथे वाहने एकाच दिशेने फिरवायला सुरुवात झाली. कल्पना चांगली होती, पण गाड्या वाढल्या तशी अनेक ठिकाणची सर्कल गच्च होऊन बसू लागली. कारण सोपे होते. आत येणाऱ्याला प्राधान्य असेल, तर फिरणाऱ्याने थांबायचे. फिरणारा थांबला की त्याच्या मागचे सगळे थांबतात, त्यांच्यामुळे मागचे बाहेर पडण्याचे रस्ते बंद होतात, आणि बाहेर कोणी पडत नसताना आत मात्र नवी वाहने येतच राहतात. काही मिनिटांत चौक भरून जाम होतो.

ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेतील अभियंते फ्रँक ब्लॅकमोर यांनी यावर काम केले. नोव्हेंबर १९६६ पासून ब्रिटनमध्ये नियम बदलला: गोल चौकात शिरणाऱ्याने उजवीकडून फिरत येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यायचे. एवढ्या एका बदलाने कोंडी फुटली, कारण आत असलेल्याला बाहेर पडण्याची वाट कायम मोकळी राहू लागली.

सांगलीच्या बसस्थानकावर एसटी लागली की काय होते, ते आठवले तरी हा नियम कळतो. आतले प्रवासी उतरण्याआधीच बाहेरचे दारात घुसतात, कोणी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो, आणि दोन मिनिटांचे काम दहा मिनिटांचे होते. आधी उतरणाऱ्यांना उतरू दिले, तर चढणाऱ्यांनाही लवकर जागा मिळते. गोल चौकाचेही तसेच आहे.

आपल्याकडेही ब्रिटनप्रमाणेच वाहने डावीकडून चालतात. त्यामुळे बेटाभोवती फिरण्याची दिशा घड्याळाच्या काट्यांची. देवळातल्या प्रदक्षिणेसारखी: देव नेहमी उजव्या हाताला. बेट उजव्या हाताला नसेल, तर ती उलटी प्रदक्षिणा, आणि चार पावले वाचवण्यासाठी ती घालणारा दुचाकीस्वार समोरच्याच्या नजरेत अपेक्षित नसलेल्या बाजूने येतो.

चौकात शिरताना उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यावी, हा नियम भारतातही जुना आहे. १९८९ च्या रस्ते नियमावलीत तो स्पष्ट होता. तिच्या जागी २०१७ मध्ये मोटार वाहन चालनाचे नवे विनियम आले. गोल चौकात शिरणाऱ्याच्या उजवीकडून येणारा म्हणजे आत फिरणाराच. म्हणून नियम एका वाक्यात सांगता येतो: शिरण्याआधी वेग कमी करा, उजवीकडे पाहा, आत कोणी फिरत असेल तर थांबा, मोकळे असेल तर न थांबता जा. मोठी गाडी आधी, किंवा ज्याचा हॉर्न मोठा तो आधी, असा कोणताही नियम नाही. डिपर मारल्यानेही प्राधान्य मिळत नाही.

लेन बाहेरच ठरवा

दोन लेनच्या गोल चौकात सर्वांत महत्त्वाचा निर्णय चौकात घ्यायचा नसतो. तो पन्नास-साठ मीटर आधी, सरळ रस्त्यावर असतानाच घ्यायचा असतो. कुठे जायचे ते आधी ठरवा, मग लेन धरा, मग शिरा.

वेगळी पाटी किंवा रस्त्यावर वेगळे बाण नसतील, तर सर्वसाधारण पद्धत अशी. डावीकडच्या पहिल्या रस्त्याला वळायचे असेल तर डावी लेन. सरळ पुढे जायचे असेल तर डावी किंवा उजवी, दोन्ही चालतात. उजवीकडे वळायचे किंवा पूर्ण वळसा घेऊन आलेल्या रस्त्याने परत जायचे असेल, तर उजवी लेन, म्हणजे बेटाजवळची. ज्या लेनमधून शिरलो, त्याच लेनमध्ये फिरायचे. आत असताना लेन बदलायची नाही, ओव्हरटेक करायचे नाही.

दोन लेनच्या सर्कलमध्ये गाड्या घासण्याचे ठरलेले कारण म्हणजे बाहेरच्या लेनमधला चालक. तो डाव्या लेनमधून शिरतो आणि सरळ जाणाऱ्या रस्त्याचे तोंड ओलांडून कडेकडेने तसाच पुढे फिरत राहतो, कारण त्याला उजवीकडे वळायचे असते. त्याच वेळी आतल्या लेनमधली गाडी सरळ बाहेर पडत असते. दोघांच्या वाटा तिथे छेदतात. दोघेही दुसऱ्याला शिव्या देतात, पण चूक बाहेरच्या लेनमध्ये बसून उजवीकडे जाणाऱ्याची असते. गोल चौकाने काढून टाकलेली छेदणारी वाट त्याने पुन्हा तयार केलेली असते.

दुचाकीस्वारांत ही सवय जास्त दिसते. कडेने जाणे सुरक्षित, असे लहानपणापासून मनावर ठसलेले असते, आणि सरळ रस्त्यावर ते काही प्रमाणात खरेही आहे. गोल चौकात मात्र बाहेरच्या कडेने पूर्ण फिरणारा प्रत्येक बाहेर पडणाऱ्या वाहनाच्या आडवा येतो. मोटारसायकल किंवा स्कूटर चालवणाऱ्याने कारसारखीच लेन निवडावी आणि त्या लेनच्या मध्यभागी राहावे. दोन गाड्यांच्या फटीत घुसू नये. सायकलस्वाराला तेवढा वेग जमत नसेल, तर उतरून पादचाऱ्यांच्या वाटेने सायकल हातात धरून पलीकडे जाणे उत्तम.

इंडिकेटरची भाषाही सोपी आहे. डावीकडे जाणाऱ्याने चौकाच्या आधीपासून डावा लावावा. सरळ जाणाऱ्याने शिरताना काही लावू नये. आपल्या रस्त्याच्या आधीचा रस्ता मागे पडला की डावा लावावा. उजवीकडे जाणाऱ्याने आधीपासून उजवा लावून फिरावे आणि आपल्या आधीचा रस्ता ओलांडला की डावा लावून बाहेर पडावे. थोडक्यात, बाहेर पडताना प्रत्येकाचा डावा इंडिकेटर लागलेलाच हवा. पुढच्या तोंडाशी थांबलेला चालक त्याच इंडिकेटरकडे पाहून शिरायचे की नाही ते ठरवतो. तो न लावल्याने आपले काही बिघडत नाही, पण थांबलेल्याला विनाकारण थांबावे लागते.

वाट चुकली तर? बाहेर पडायचा रस्ता निसटला, म्हणून ब्रेक दाबून थांबणारे, गाडी मागे घेणारे किंवा आतल्या लेनमधून एकदम डावीकडे कट मारणारे अपघाताला आमंत्रण देतात. गोल चौकाची सोय अशी, की आणखी एक फेरी मारता येते. ४० मीटर व्यासाच्या बेटाचा घेर साधारण १२५ मीटर असतो. ताशी २० किलोमीटर वेगाने तो पार करायला २३ सेकंद लागतात.

आपल्याकडच्या अनेक चौकांत लेनचे पट्टे पुसलेले असतात किंवा मारलेलेच नसतात. तरीही दोन गाड्या शेजारी मावतात, तिथे दोन लेन आहेत असे समजून चालावे: बेटाजवळची अर्धी वाट उजवीकडे जाणाऱ्यांची, बाहेरची अर्धी डावीकडे आणि सरळ जाणाऱ्यांची.

पाहिले, पण दिसले नाही

'मी उजवीकडे पाहिले होते, तो एकदम कुठून आला कळलेच नाही.' अपघातानंतर ऐकू येणारे हे वाक्य अनेकदा खोटे नसते. त्यामागे डोळा, मेंदू आणि गाडीची बांधणी अशी तीन कारणे असतात.

आपल्या कारमध्ये चालक उजवीकडे बसतो. समोरच्या काचेचा उजवा खांब त्याच्या डोळ्यांच्या अगदी जवळ असतो. हातभर अंतरावरचा हा खांब वीस-पंचवीस मीटरवरची अख्खी दुचाकी झाकू शकतो. त्यात गोल चौकात दोघेही वळणावर असतात. कार पुढे सरकते, दुचाकीही फिरत पुढे येते, आणि दोघांच्या वेगाचा मेळ बसला तर दुचाकी काही सेकंद खांबाआडच राहते. यावर उपाय फुकटचा आहे: शिरण्यापूर्वी शरीर थोडे पुढे-मागे झुकवून पाहणे. मान वळवणे पुरेसे नाही, डोके जागचे हलले पाहिजे.

मेंदूची अडचण वेगळी. घाईत पाहताना तो मोठ्या वाहनांचा शोध घेतो: ट्रक, बस, कार. लहान आकाराची दुचाकी डोळ्यांना दिसते, पण मेंदू तिची नोंद घेत नाही. शिवाय, लहान वस्तू लांब आहे आणि उशिरा पोहोचेल, असा अंदाज आपसूक केला जातो. म्हणून कारचालकाला 'अजून वेळ आहे' असे वाटते तेव्हा मोटारसायकल दोन सेकंदांवर आलेली असते. ताशी ३० किलोमीटर वेगाने वाहन सेकंदाला आठ मीटरहून अधिक अंतर कापते.

तिसरी बाजू आरोग्याची आहे. गोल चौकात मान उजवीकडे पूर्ण वळावी लागते. मानेच्या मणक्यांचा त्रास असलेल्या माणसाला ते जमत नाही, आणि तो नकळत अर्धवट पाहतो. काचबिंदूत बाजूचे दिसणे हळूहळू कमी होत जाते, पण समोरचे नीट दिसत असल्याने रुग्णाला पत्ता लागत नाही. मोतीबिंदूत समोरच्या दिव्यांचा झोत रात्री डोळ्यांवर पसरतो. चाळिशीनंतर डोळ्यांची तपासणी करताना केवळ चष्म्याचा नंबर न पाहता बाजूची नजर आणि डोळ्यांतील दाबही तपासून घेणे, हा वाहन चालवण्याच्या तयारीचाच भाग आहे.

आपल्या भागात गर्दी दुचाकींची आहे. विलिंग्डन, वालचंद यांसारखी महाविद्यालये असलेल्या विश्रामबाग परिसरात सकाळी नजर टाकली तरी ते कळते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला असता, हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे आढळले आहे. गोल चौकातली पडझड कमी वेगाची असली, तरी डांबरावर आपटणारे डोके आणि कठड्याचा दगड यांना वेगाची फारशी गरज नसते.

उसाच्या ट्रॉलीच्या डावीकडे थांबू नका

गाळप हंगाम सुरू झाला की सांगली आणि साताऱ्याच्या रस्त्यांवर उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिसू लागतात. गोल चौकासाठी हे सर्वांत अवघड वाहन. लांब वाहन वळते तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत. ती वळणाच्या आतल्या बाजूला सरकतात. दोन ट्रॉल्या असतील तर शेवटच्या ट्रॉलीची चाके आणखी आत येतात.

याचा अर्थ असा: ट्रॅक्टर बेटाभोवती फिरत असताना त्याची ट्रॉली बेटाच्या बाजूला सरकते, आणि तो डावीकडे बाहेर पडताना ट्रॉली डाव्या कडेकडे दाबत येते. त्या डाव्या फटीत एखादी स्कूटर असेल, तर ट्रॅक्टरवाल्याला ती दिसत नाही आणि स्कूटरवाल्याला पळायला जागा उरत नाही. एसटी, ट्रक आणि कंटेनरच्या बाबतीतही हेच घडते. अशा वाहनाला दोन्ही लेन लागतात, तेव्हा त्या त्याला देऊन टाकाव्यात. त्याच्या मागे राहावे, शेजारी नाही.

ट्रॅक्टरवाल्यानेही एक गणित लक्षात ठेवायला हवे. वळणावर भार बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी १५ वरून ३० वर गेले की तो चौपट होतो. उंच रचलेल्या उसाचा भार आधीच वर असतो, त्यामुळे ट्रॉली कलंडायला वेळ लागत नाही. ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टर लावणे आणि मोळ्या बाजूला बाहेर न काढणे, हे रात्री मागून येणाऱ्याचा जीव वाचवते.

चौकात सांडलेला ऊस, पाचट, वाळू किंवा पहिल्या पावसात वर आलेले तेल हा दुचाकीचा वेगळा शत्रू. वळणावर टायरची पकड आधीच वळण्यासाठी खर्च होत असते. त्यात जोरात ब्रेक दाबला की ती सुटते. म्हणून ब्रेक सरळ रस्त्यावर, शिरण्याआधी दाबायचा. वळणावर वेग एकसारखा ठेवायचा.

गोल कुठे पुरतो, कुठे नाही

गोल चौक हे प्रत्येक कोंडीचे औषध नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने १९७६ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत, सर्व बाजूंनी मिळून तासाला सुमारे ३,००० वाहनांपर्यंतच असा चौक नीट चालतो, असे म्हटले होते. ही मार्गदर्शिका २०१७ मध्ये नव्याने तयार करण्यात आली. वाहने फार वाढली की आत फिरणाऱ्यांमध्ये फटच उरत नाही आणि थांबलेला थांबूनच राहतो.

साताऱ्याचा पोवई नाका हे याचे जवळचे उदाहरण. आठ रस्ते जिथे मिळतात, त्या नाक्यावर केवळ वळसा घालून वाहने जाणे शक्य राहिले नाही. शेवटी जमिनीखालून मार्ग काढणारा ग्रेड सेपरेटर बांधावा लागला आणि तो जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाला. थेट जाणारी वाहने खालून गेली, की वरच्या चौकात वळणाऱ्यांना मोकळीक मिळते.

सगळीकडे एवढा खर्च शक्य नसतो, गरजही नसते. अनेक चौक बांधणीमुळे नव्हे, तर बाहेर पडायच्या तोंडाशी थांबलेल्या एका वाहनामुळे अडतात. वळल्या वळल्या प्रवासी घेणारी रिक्षा, कोपऱ्यावर उभे वडाप, फळांचा गाडा: यांतले एकही असले की बाहेर पडणारी लेन बंद होते आणि त्याची शेपटी बेटाभोवती फिरत मागच्या रस्त्यांपर्यंत पोहोचते. थांबा चौकापासून वीस-तीस मीटर पुढे नेला, तर सिग्नल न बसवताही चौक सुटतो. तसेच फ्लेक्सचे. शिरणाऱ्याला उजवीकडचे दिसलेच पाहिजे. जयंती, वाढदिवस किंवा निवडणुकीचा फलक नेमका त्या कोपऱ्यावर लागला, की चालकाची नजर अडते आणि तो अंदाजाने गाडी घालतो.

पायी चालणाऱ्यांसाठी बेटाकडे जाणारी वाट कधीच सुरक्षित नसते. पुतळ्याजवळून पलीकडे जाणे जवळचे वाटते, पण तिथे वाहने वळत असतात आणि चालकांची नजर उजवीकडे असते. गोलापासून एक गाडी मावेल एवढे मागे सरकून, दुभाजकावर थांबत, दोन टप्प्यांत रस्ता ओलांडावा. प्रत्येक टप्प्यात एकाच दिशेची वाहने पाहावी लागतात, म्हणून म्हाताऱ्या माणसांना आणि शाळकरी मुलांना हे सोपे जाते. बाहेर पडणाऱ्या चालकानेही लक्षात ठेवावे, की समोर रस्ता ओलांडणारा माणूस असू शकतो. बाहेर पडताना वेग वाढवण्याची घाई नको.

मागून सायरन आला तर

मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांचे मिशन हॉस्पिटल १८९४ मध्ये उभे राहिले, तेव्हापासून हे गाव रुग्णालयांचे गाव आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणि खासगी रुग्णालयांत जत, कवठेमहांकाळपासून ते सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही रुग्ण येतात. त्यामुळे सांगली-मिरजेच्या चालकाला रुग्णवाहिका वारंवार भेटते, आणि गोल चौकात ती भेटली की बरेच जण गोंधळून आहे तिथेच थांबतात. त्याने उलट वाट बंद होते.

नियम असा: अजून आत शिरला नसाल, तर डावीकडे सरकून थांबा. आत असाल, तर थांबू नका. शांतपणे आपल्या रस्त्याने बाहेर पडा आणि मग डावीकडे थांबा. आपला रस्ता लांब असेल, तर जवळच्या कोणत्याही रस्त्याने बाहेर पडा. चौक रिकामा झाला की रुग्णवाहिका काही सेकंदांत निघून जाते.

घरात नव्याने दुचाकी किंवा कार शिकणारे कोणी असेल, तर रविवारी सकाळी सहा-सातच्या सुमारास, रस्ते मोकळे असताना, जवळच्या गोल चौकात त्याला घेऊन जावे. पहिल्या फेरीत डावीकडे, दुसऱ्या फेरीत सरळ, तिसऱ्या फेरीत उजवीकडे आणि चौथीत पूर्ण वळसा. प्रत्येक वेळी शिरण्याआधी त्याने मोठ्याने सांगावे: कोणती लेन, उजवीकडे काय दिसते, कोणता इंडिकेटर, कधी. अर्ध्या तासात चारही वाटा अंगवळणी पडतात, आणि सोमवारच्या गर्दीत त्याला पुढच्याचे पाहून शिकण्याची गरज उरत नाही.